माल्कोविचच्या डोक्यात कोण राहतं

रविवार, रात्र

आज 'बीइंग जॉन माल्कोविच' परत बघितला, आता झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसलेय. १९९९चा पिक्चर, दिग्दर्शक म्हणून स्पाइक जोन्झचा पहिलाच, लिहिलाय चार्ली कॉफमनने. गोष्ट सांगायला गेलं की समोरचा नुसता बघत राहतो. न्यूयॉर्कमध्ये क्रेग नावाचा कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करणारा माणूस, त्याच्या कलेला कोणी विचारत नाही म्हणून फायली लावायची नोकरी धरतो, ते ऑफिस साडेसातव्या मजल्यावर, छत एवढं खाली की सगळे वाकून चालतात, आणि तिथे कपाटामागे एक बारकं दार सापडतं. त्यातून सरपटत आत गेलं की थेट जॉन माल्कोविच या खऱ्याखुऱ्या नटाच्या डोक्यात. पंधरा मिनिटं. मग न्यू जर्सीच्या हायवेच्या कडेला धपकन येऊन पडायचं.

क्रेग आणि ऑफिसातली मॅक्सीन मग या दाराची तिकीटं विकतात, २०० डॉलरला एक. पहिल्यांदा क्रेग आत जातो तेव्हा दिसतं काय तर माल्कोविच टोस्ट खातोय, पेपर वाचतोय, टॅक्सीत बसतोय. टॅक्सीवाला त्याला ओळखतो आणि हिरेचोराच्या रोलचं कौतुक करतो, जो रोल त्याने कधी केलेलाच नाही! म्हणजे बाहेरच्यांच्या डोक्यात जो माल्कोविच आहे तोही कोणीतरी तिसराच. सिनेमातल्या माल्कोविचचं मधलं नावसुद्धा होरॅशिओ ठेवलंय, खऱ्याचं गॅव्हिन आहे. तरी रांग लागते. मला नाही वाटत त्या लोकांना स्टार व्हायचंय, त्यांना पंधरा मिनिटं स्वतःच्या बाहेर पडायचंय बस, मग आतून टोस्ट दिसला तरी चालतो.

आपल्याकडे परकायाप्रवेशाची गोष्ट आहेच की, शंकराचार्य अमरुक राजाच्या देहात शिरतात ती. आजी सांगायची. पण तिथे राजा मेलेला असतो, देह रिकामा असतो. इथे घरमालक घरातच आहे, जिवंत आहे, आणि तो कुठे जातो हे कोणीच विचारत नाही. क्रेग त्याला पूर्ण ताब्यात घेतो, हात त्याचे, आवाज त्याचा, बायको मॅक्सीन, आणि मूळ माणूस आत कुठेतरी दाबलेला. क्रेगची बायको लॉटी मात्र वेगळी. तिला माल्कोविचच्या आत गेल्यावर पहिल्यांदा वाटतं की मी हीच, इतके दिवस कळत नव्हतं. एकाच दारातून दोघं गेले, एकाला दुसऱ्याचं घर बळकवायचं होतं, एकीला स्वतःचं सापडलं. लॉटीबद्दल लोक कमी बोलतात याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण सगळ्या सिनेमात प्रामाणिक प्रश्न विचारणारी तीच आहे.

आणि माल्कोविच स्वतःच त्या दारातून जातो तो सीन. हॉटेलमध्ये प्रत्येक माणूस माल्कोविच, बायकांच्या अंगावरही त्याचाच चेहरा, मेनूकार्डवर माल्कोविच, बोलायला शब्द एकच, माल्कोविच. थिएटरात लोक हसतात म्हणे इथे. मला पोटात गोळा येतो. दुसरं कोणी उरलंच नाही तर मी म्हणजे कोण हे ठरवायचं कशावरून?

पण आज खरी अडकले ती दुसरीकडे. सुरुवातीला क्रेग बाहुलीकडून एक नाच करून घेतो, इतका सुंदर की बाहुली आहे हे विसरायला होतं, आणि रस्त्यावर तेच काम करताना मार खातो. पुढे माल्कोविचच्या अंगात शिरून तेच बाहुल्यांचं काम करतो तर सगळं जग डोक्यावर घेतं. बोटांतली कला तीच, चेहरा फक्त दुसऱ्याचा.

हे बघताना मला जेसिका आठवली. जेसिका म्हणजे मीच, पुण्यात रात्रपाळीच्या कॉल सेंटरला होते तेव्हाची. नाव ट्रेनिंगमध्येच निवडायचं असायचं, सगळेच निवडायचे, शेजारी केविन बसायचा तो मूळचा सांगलीचा. रात्री कॅबमधून उतरलं, हेडसेट चढवला की माझ्या तोंडून जेसिका बोलायला लागायची. एकदा ओहायोमधल्या एका आजींचा प्रिंटर, कागद आत अडकलेला, त्यांचे हात थरथरत होते आणि मागचं झाकण उघडेना, मी म्हटलं घाई नाही, हळूहळू करू, आणि खूप वेळाने तो चुरगळलेला कागद निघाला. त्या रडायलाच लागल्या. म्हणाल्या, जेसिका, देव तुझं भलं करो.

तो धीर माझा होता. आमच्या आजीशी बोलता बोलता आलेला. पण आशीर्वाद गेला जेसिकाला, आणि मी माझं खरं नाव सांगितलं असतं तर त्यांनी फोन ठेवला असता का, हे मला कधीच कळणार नाही. क्रेगचा मला राग येतो, त्याने जिवंत माणसाला आत कोंडलं, पण टाळ्या ऐकताना त्याला आत काय होत असेल ते मला आतून समजतं. हाताला टाळ्या मिळाल्या की चेहऱ्याला? आणि चेहऱ्याला मिळाल्या असतील तर त्याने त्या घरी कशा न्यायच्या?

केविन अजून त्याच लाइनमध्ये आहे, आता टीम लीड झालाय, आणि ऑफिसमधली मराठी पोरंसुद्धा त्याला केविनच म्हणतात. त्याला पिक्चरची लिंक पाठवलीय. बघून झाला की विचारणार आहे, घरी आई नावाने हाक मारते तेव्हा तो लगेच ओ देतो की क्षणभर थांबतो.