गाजर फ्रीजरमध्ये, रताळं टोपलीत

एकादशीच्या आठवडाभर आधी आणून फ्रीजच्या भाजीच्या ट्रेमध्ये ठेवलेली रताळी कुकरमध्ये चार शिट्ट्या घेऊनही मधोमध कडक राहतात. यात कुकरचा दोष नाही आणि भाजीवाल्याचाही नाही. रताळ्याला साधारण १३ अंशांखालची थंडी सोसत नाही आणि फ्रीजमध्ये असतात ४ ते ५ अंश. त्या थंडीने आतल्या पेशी बिघडतात, मग तो भाग कितीही शिजवा, मऊ होत नाही. कधी कधी आतून तपकिरी डागही पडतात. तीच रताळी टोपलीत, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली असती तर दोन-तीन आठवडे सहज टिकली असती.

जमिनीखालची भाजी साठवायची म्हटलं की आधी एवढंच बघायचं: ही भाजी थंड हवेतली की उष्ण प्रदेशातली? गाजर, बीट, मुळा, सलगम ही थंडीची लेकरं. त्यांना शून्याच्या जवळपासचं तापमान आणि भरपूर ओलावा हवा. रताळं, अळकुडी, सुरण, कोनफळ ही गरम मुलखातली. त्यांना कोरडी, खेळती हवा लागते आणि फ्रीज नको असतो. बटाटा मधेच कुठेतरी बसतो आणि त्याचे नखरे वेगळे. (बटाटा हे खोड आणि रताळं हे मूळ, हा वनस्पतिशास्त्राचा हिशोब खरा आहे. पण स्वयंपाकघरात मातीखालून आलं ते सगळं एकाच टोपलीत जातं, आणि घोळ तिथेच होतो.)

गाजरापासून सुरुवात करू, कारण फ्रीजरचं खरं चीज गाजर आणि बीट यांच्यातच होतं. डिसेंबर ते फेब्रुवारीत लाल गाजर स्वस्त आणि गोड असतं, मार्चनंतर ते दिसेनासं होतं आणि मग वर्षभर केशरी गाजरावर भागवावं लागतं. तीन-चार आठवड्यांपुरतंच ठेवायचं असेल तर फ्रीजर लागतच नाही. पाला आणल्या आणल्या कापून टाका, कारण पाला गाजरातलंच पाणी ओढून घेतो. गाजर धुवू नका, माती कोरड्या फडक्याने पुसा, सुती कापडात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा. वर्तमानपत्राचा कागद नको; त्याच्या शाईबद्दल एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, बजावून झालं आहे. त्याच ट्रेमध्ये सफरचंद, पेर किंवा पिकलेला आंबा ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने गाजर कडू होतं. कडू गाजर निघालं की आपण बियाण्याला नावं ठेवतो, पण बरेचदा कारण शेजारचं सफरचंद असतं. गाजर नुसतं लुळं पडलं असेल तर टाकू नका, दोन-तीन तास गार पाण्यात बुडवून ठेवलं की पुन्हा ताठ होतं.

वर्षभरासाठी ठेवायचं असेल तर मात्र आधी उकळत्या पाण्यातून काढायला हवं, म्हणजे ब्लांच करायला हवं. ही पायरी गाळणारे खूप असतात. कच्च्या गाजरातली एन्झाइम्स (रंग-चव बदलणारी प्रथिनं) उणे १८ अंशांलाही पूर्ण थांबत नाहीत, फक्त मंदावतात. दोन महिन्यांनी पिशवी उघडली की रंग उडालेला असतो आणि वाळलेल्या गवतासारखा वास येतो. उकळत्या पाण्याने त्यांचं काम कायमचं थांबतं. पण अर्धवट ब्लांच करणं हे मुळीच न करण्यापेक्षा वाईट, कारण थोड्या उष्णतेने ती थांबत नाहीत, उलट चेव येतो. आणि जास्त वेळ ठेवलं तर गाजर शिजतंच. त्यामुळे इथे अंदाजपंचे चालत नाही, घड्याळ लावूनच काम करायचं.

गाजरं सोला, मधला पिवळा दांडा जून असेल तर काढून टाका, एक सेंटीमीटरच्या फोडी करा. फोडी एकसारख्या हव्यात, नाहीतर लहान शिजतात आणि मोठ्या कच्च्या राहतात. सहा लिटरच्या पातेल्यात ४ लिटर पाणी खळखळ उकळवा आणि एका वेळी फक्त अर्धा किलो फोडी टाका. मिनिटाभरात पाण्याला पुन्हा उकळी फुटली पाहिजे. नाही फुटली तर फोडी जास्त झाल्या किंवा गॅसची शेगडी लहान पडली; पुढच्या घाण्याला निम्म्या घ्या. वेळ मोजायची ती या दुसऱ्या उकळीपासून. फोडींना आणि चकत्यांना २ मिनिटं, बोटाएवढ्या अख्ख्या गाजरांना ५ मिनिटं. रंग खुलावा म्हणून सोडा घालण्याची हौस काहींना असते. घालू नका, सोड्याने गाजर गिळगिळीत होतं.

मग लगेच बर्फाचं पाणी. अर्धा किलो फोडींना अर्धा किलो बर्फ लागतो आणि नेहमीच्या एका ट्रेमध्ये तेवढा निघत नाही. आदल्या रात्री दोन-तीन स्टीलच्या वाट्यांमध्ये पाणी गोठवून ठेवा. जेवढा वेळ उकळलं तेवढाच वेळ गार पाण्यात, आणि शेवटी एक फोड दाताखाली चावून बघा: आतून गार लागली पाहिजे. आत ऊब राहिली तर फोड पिशवीत जाईपर्यंत शिजत राहते.

आता रोळीत निथळवा आणि सुती पंचावर पसरून १५-२० मिनिटं कोरडं होऊ द्या. घाई इथेच नडते, कारण फोडींवर राहिलेलं पाणी गोठलं की सगळ्यांची मिळून एक वीट तयार होते आणि मग पुलावाला मूठभर गाजर हवं असताना लाटणं घेऊन बसावं लागतं. कोरड्या फोडी स्टीलच्या ताटात एकाच थरात, एकमेकींना न चिकटता मांडून फ्रीजरमध्ये ठेवा. तीन-चार तासांत दगडासारख्या झाल्या की झिपलॉक पिशवीत भरा. ताट रात्रभर उघडं ठेवू नका, फोडी सुकतात. पिशवीतली हवा काढायला सोपी युक्ती आहे: झिप बोटभर उघडी ठेवून पिशवी पाण्याच्या बादलीत हळूहळू बुडवा, पाण्याच्या दाबाने हवा बाहेर जाते, तोंडाशी पाणी आलं की बंद करा. पाव-पाव किलोच्या चपट्या पिशव्या केल्या तर पुस्तकांसारख्या उभ्या रचता येतात. वर मास्किंग टेप लावून तारीख लिहा. नंतर लिहू म्हटलं की राहतं.

आता फ्रीजरचंही बोलायला हवं. सिंगल डोअर फ्रीजच्या वरच्या खणावर चांदण्यांची खूण असते. एक चांदणी म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. आठ-दहा महिने टिकवायचं तर तीन हव्यात. एका चांदणीच्या खणात आठवडाभरच, दोन चांदण्यांच्या खणात महिनाभरच ठेवा. फ्रॉस्ट-फ्री डबल डोअरला वेगळी अडचण असते. बर्फ साचू नये म्हणून तो अधूनमधून आपणहून गरम होतो, आणि पिशवीत हवा राहिली असेल तर फोडींचं पाणी उडून त्या पांढरट, चिवट होतात. शिवाय ५०-६० लिटरच्या फ्रीजरमध्ये एका दिवशी दीड-दोन किलोपेक्षा जास्त ताजा माल ढकलू नका. गोठायला वेळ लागला की आत बर्फाचे मोठे स्फटिक होतात, ते पेशी फोडतात आणि वितळल्यावर गाजर लिबलिबीत होतं.

हलव्यासाठी एवढा व्याप नको. १ किलो किसलेलं लाल गाजर २ मोठे चमचे तुपात १०-१२ मिनिटं परता. पाणी बऱ्यापैकी आटलं की गार करून अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या भरा. परतण्यातच एन्झाइम्सचं काम थांबतं आणि नंतर दूध आटवायचा वेळही वाचतो.

गोठवलेलं गाजर वापरताना वितळवू नका, थेट कढईत टाका. ते आधीच थोडं शिजलेलं असतं, म्हणून कुर्म्यात किंवा रश्शात शेवटच्या पाच मिनिटांत घाला. कोशिंबिरीला ते चालणार नाही.

बिटाचं तंत्र वेगळं. ते पूर्ण शिजवूनच गोठवायचं, कच्चं गोठवलं तर चोथट होतं. देठ दोन-तीन सेंटीमीटर ठेवून कापा आणि शेपटीला हात लावू नका. चीर पडली की सगळा रंग पाण्यात उतरतो. मध्यम बिटं कुकरला तीन-चार शिट्ट्या, सुरी अलगद आत गेली पाहिजे. गार झाल्यावर साल अंगठ्याने निघते. मग फोडी आणि ताटावर गोठवणं वर सांगितल्याप्रमाणेच.

मुळा गोठवू नका. जवळजवळ सगळं पाणीच असतं, वितळला की चिंधी होते. पाल्याची भाजी त्याच दिवशी, मुळा ट्रेमध्ये आठवडा-दहा दिवस, बस्स.

बटाट्याला फ्रीजमध्ये ठेवलं की त्यातल्या स्टार्चची साखर होते. भाजीत तो गोडूस लागतो आणि तळताना काचऱ्या आत शिजायच्या आधीच काळ्या पडतात. कोल्ड स्टोरेजमधून आलेल्या बटाट्याचंही तेच होतं. असा बटाटा घरात दहा-पंधरा दिवस मोकळा ठेवला की गोडवा बराच उतरतो. वेफर्ससाठी कुफरी चिप्सोना ही बटाट्याची जात मागतात ते तिच्यात अशी साखर कमी होते म्हणूनच. बटाटा अंधारात, गोणपाटावर पसरून ठेवा, कांद्यापासून लांब. उजेड लागून हिरवा झालेला भाग जाड कापून टाका, फार हिरवा असेल तर अख्खाच टाका; त्यातलं सोलॅनिन हे विष शिजवून जात नाही. फ्रीजरमध्ये कच्चा बटाटा काळा पडतो आणि उकडलेल्या फोडी स्पंजासारख्या होतात. कुस्करलेली वड्याची भाजी मात्र महिनाभर बरी राहते.

अळकुड्या टोपलीत दहा-बारा दिवस. ओल्या हाताने सोलल्या की खाज जास्त सुटते. हात कोरडे ठेवून खोबरेल तेल चोळा. खाज आणणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक गोठवून नाहीसे होत नाहीत, म्हणून सालासकट उकडून, सोलून मगच फ्रीजरमध्ये ठेवा आणि भाजीत आमसूल किंवा चिंच घाला. अख्खा सुरण कोरड्या, हवेशीर जागी दोन महिने तरी राहतो, पण एकदा कापला की फ्रीजमध्ये चार-पाच दिवसच. उरलेल्याच्या अडीच सेंटीमीटरच्या फोडी मीठ, हळद आणि चिंचेच्या कोळाच्या पाण्यात ८-१० मिनिटं उकळा, पाऊण शिजल्या की निथळवून गोठवा. आंबटपणामुळे फोडी अंग धरून राहतात. रताळी गोठवायची तर उकडून, कुस्करून, किलोला एका लिंबाचा रस घालून ठेवा, म्हणजे काळी पडत नाहीत.

आलं आणि ओली हळद यांना मात्र काहीच करायला नको. धुऊन, पूर्ण कोरडी करून अख्खीच फ्रीजरमध्ये ठेवा आणि गोठलेलीच किसणीवर किसा. ताज्यापेक्षा बारीक किसली जातात. हळदीची पिशवी वेगळी ठेवा, नाहीतर शेजारची सगळी पाकिटं पिवळी होतात.

लाइट गेली तर फ्रीजर उघडू नका. घरी नसताना लाइट जाऊन माल वितळला होता का ते कळायला एक वाटीभर पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर माल ठीक आहे. वाटीच्या तळाशी जाऊन गोठलेलं दिसलं, तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलंय. त्या पिशव्या टाकून द्या.