प्लाझ्मा टेबल बांधताना: कोकणातल्या ओल्या हवेचा हिशेब

घरच्या घरी संगणकावर चालणारे प्लाझ्मा कटिंग टेबल, म्हणजे अतितप्त हवेच्या झोताने पत्रा कापणारे यंत्र, बांधण्याविषयी जी माहिती मिळते, तिचा बराचसा भाग मोटारी, त्यांना वीज पुरवणारे ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर यांच्याभोवती फिरतो. ती माहिती चुकीची नाही, परंतु तिच्यात हवा गृहीत धरलेली असते. देवगड तालुक्यात, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर, जांभ्या चिऱ्याच्या मांगरात (शेतातल्या कोठारात) हे टेबल उभे केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की आपल्याकडे या यंत्राचा सर्वांत अवघड आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे कंप्रेसरपासून टॉर्चपर्यंतची, म्हणजे झोत सोडणाऱ्या तोंडापर्यंतची, नळी होय. त्यामुळे या लेखात मोटारींपेक्षा पाण्याविषयी अधिक लिहिले आहे, याची कल्पना आधीच देऊन ठेवतो.

आमच्या भागात फॅब्रिकेशनचे काम म्हणजे मुख्यतः पत्र्याच्या पावसाळी शेडी, गेट, खिडक्यांच्या जाळ्या आणि बंदरावरच्या बोटींची किरकोळ दुरुस्ती. शेडीचे काम घेतले की खांबागणिक बेस प्लेट आणि कैचीच्या प्रत्येक सांध्याला गसेट (सांधा जोडणारी पट्टी) लागते. या प्लेटा गॅस कटरने कापायच्या, कडा ग्राइंडरने घासायच्या आणि मग भोके पाडायची, यात कापण्यापेक्षा घासण्यात अधिक वेळ जातो. कोल्हापूरला कापून मिळतात. परंतु गाडी तळेरे, वैभववाडी, गगनबावडा या मार्गाने जाऊन-येऊन माल आणणार असेल तर दहा-वीस प्लेटांसाठी तो खर्च परवडत नाही. आपल्या कामापुरते यंत्र आपणच करावे, या विचाराला एवढे कारण पुरेसे होते.

प्लाझ्माचे तत्त्व १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या युनियन कार्बाइड कंपनीच्या लिंडे विभागात रॉबर्ट गेज यांनी विकसित केले आणि १९५७ मध्ये त्याचे पेटंट झाले. दाबाखालची हवा साधारण एक मिलिमीटरच्या छिद्रातून सोडून तिच्यातून विजेचा आर्क वाहू दिला, की हवेचे आयनीभवन होते आणि झोताच्या गाभ्याचे तापमान वीस हजार अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते. धातू वितळतो आणि तोच झोत तो वितळलेला रस खाली उडवून देतो. टॉर्चमधला इलेक्ट्रोड तांब्याचा असतो, पण त्याच्या टोकाला हाफ्निअम या धातूचा एक बारीक मणी बसवलेला असतो, कारण टंगस्टन हवेतल्या ऑक्सिजनपुढे टिकत नाही. हा मणी प्रत्येक वेळी आर्क पेटताना थोडा झिजतो. त्यात सुमारे दीड मिलिमीटर खोल खळगा पडला की इलेक्ट्रोड बदलावा. हवेत पाणी असेल तर हा खळगा फार लवकर पडतो, आर्क फडफडतो, नोझलचे गोल छिद्र लंबगोल होते आणि काप एका बाजूला तिरका येऊ लागतो. तिरका काप पाहून माणूस गँट्री, म्हणजे टॉर्च वाहून नेणारा सरकता आडवा पूल, तपासत बसतो. दोष मात्र नळीत असतो.

आता पाण्याचा हिशेब. पावसाळ्यात आमच्याकडे तापमान ३० अंशांच्या जवळपास आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के धरली, तर एक घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम पाणी बाष्परूपाने असते. मिनिटाला १५० लिटर हवा घेणारा टॉर्च तासाला ९ घनमीटर हवा खातो, म्हणजे त्या हवेबरोबर जवळजवळ २३५ ग्रॅम पाणी कंप्रेसरमध्ये शिरते. मीटरवर ७ बार दाब दिसतो (वातावरणाचा एक धरून आठ) तेव्हा हवेचे आकारमान मूळच्या आठव्या हिश्श्यावर आलेले असते, आणि ती पुन्हा ३० अंशांपर्यंत निवली की तेवढ्या जागेत जेमतेम चार ग्रॅम बाष्प मावते. प्रत्येक घनमीटरमागे उरलेले २२ ग्रॅम पाणी कुठेतरी पडणारच. सलग तासाभराच्या कामात ते एक पेलाभर होते. ते कुठे पडावे, एवढेच ठरवणे आपल्या हातात असते.

लहान कंप्रेसरची अडचण अशी, की पंपातून बाहेर पडणारी हवा इतकी तापलेली असते की पाणी टाकीत न पडता वाफेच्या रूपातच पुढे सरकते आणि टॉर्चच्या थंड नळीत थेंब धरते. म्हणून टॉर्चजवळ महागडा फिल्टर लावून फारसा उपयोग होत नाही. फिल्टर थेंब अडवतो, वाफ अडवत नाही. आधी हवा थंड करावी लागते. मी पंप आणि टाकी यांच्यामध्ये तांब्याच्या नळीचे वेटोळे टाकले, त्यावर पंखा बसवला आणि सगळ्या वेटोळ्याला टाकीच्या दिशेने सलग उतार दिला, जेणेकरून जमलेले पाणी मागे पंपाकडे न येता टाकीत जाईल. टाकीपासून पुढची लाइन भिंतीवरून उंच नेली आहे आणि टॉर्चसाठीची शाखा त्या लाइनच्या वरच्या अंगाने काढली आहे. लाइन जिथे खाली उतरते तिथे वीतभर नळी आणखी खाली नेऊन तिला कॉक लावला आहे. काम सुरू करण्याआधी हा कॉक आणि टाकीखालचा कॉक उघडतो. श्रावणात टाकीखालून निघणारे पाणी तांबूस असते, तेव्हा टाकी आतून गंजते आहे हेही लक्षात राहते.

त्यानंतर तेलाचा सूक्ष्म अंश धरणारा फिल्टर आणि शेवटी सिलिका जेलची उभी नळी. हा क्रम उलटा चालत नाही, कारण तेल लागलेले जेल पुन्हा कामाला येत नाही. निळे जेल ओलावा शोषून गुलाबी झाले की सुमारे १२० अंशांवर तापवून पुन्हा निळे करता येते. एक सूचना मात्र ठळकपणे करावीशी वाटते. जेलची नळी करण्यासाठी पीव्हीसी पाइप वापरू नये. पाण्यासाठी उत्तम असलेला हा पाइप दाबलेल्या हवेखाली फुटला तर त्याच्या धारदार ठिकऱ्या उडतात. लोखंडी पाइप किंवा त्या कामासाठीच केलेले फिल्टरचे भांडे घ्यावे. ज्यांना रोज अनेक तास काम करायचे आहे त्यांनी थेट रेफ्रिजरेटेड ड्रायर घ्यावा. तो हवेचा दवबिंदू ३ अंशांच्या आसपास आणतो, म्हणजे ३० अंशांच्या संपृक्त हवेच्या तुलनेत बाष्प पाचव्या हिश्श्यावर येते. माझे काम तुटक असल्यामुळे जेलवर भागते.

सांगाड्याविषयी थोडक्यात लिहितो, कारण ज्याने आयुष्यभर गेट बांधले आहेत त्याला यात नवे काही नाही. टेबल १२५० बाय १२५० मिलिमीटरचे, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या १२५० बाय २५०० च्या पत्र्याचा अर्धा भाग मावेल असे केले. सगळे सांधे आधी वेल्डिंगच्या तात्पुरत्या ठिपक्यांवर उभे करावेत, दोन्ही कर्ण मोजून समान येईपर्यंत पक्के वेल्डिंग करू नये आणि रुळांची पातळी पारदर्शक नळीतल्या पाण्याने तपासावी. ज्यावर पत्रा ठेवतो ती पट्ट्यांची जाळी आणि ज्यावर गँट्री धावते ते रूळ यांचे सांगाडे मात्र वेगळे असावेत. जड प्लेट टेबलावर आपटली किंवा जाळी तापून वाकली तरी रुळांना धक्का लागता कामा नये. रुळांना ग्रीस न लावता पातळ तेल लावतो. खारी हवा तेल नसलेले लोखंड लगेच खाते हे खरे, पण कापताना उडणारी लोखंडाची काळी भुकटी ग्रीसमध्ये रुतून बसते आणि मग बेअरिंगच झिजवते.

मोटारी नेमा २३ या प्रमाणित मापाच्या स्टेपर, म्हणजे ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या, आहेत. मोटारीला एका फेऱ्यात २०० पावले, ड्रायव्हरवर आठपट सूक्ष्म पावले, म्हणजे १६००. रॅक (दातेरी पट्टी) एक मॉड्यूलचा, म्हणजे ठरावीक मापाच्या दात्यांचा, आणि पिनियन (त्यावर फिरणारे दातेरी चाक) २० दात्यांचा, त्यामुळे पिनियनच्या एका फेऱ्यात ६२.८३ मिलिमीटर चाल. मध्ये पट्ट्याने तीनास एक असा वेग उतरवला की मोटारीच्या एका फेऱ्यात २०.९४ मिलिमीटर, म्हणजेच मिलिमीटरला ७६.४ पावले. प्लाझ्माचा काप स्वतःच दीड मिलिमीटरच्या आसपास रुंद असतो, तेव्हा याहून बारीक पावलांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. मोटारीची ताकद कापण्यासाठी लागत नाही, कारण टॉर्च पत्र्याला टेकतच नाही. ती लागते कोपऱ्यावर गँट्री झटकन थांबवून वळवण्यासाठी. म्हणून गँट्री हलकी असावी.

खरे कसब टॉर्चच्या उंचीत आहे. पत्रा कधीच सपाट नसतो आणि उष्णतेने तो आणखी उचलतो. सुरुवातीला छिद्र पाडताना टॉर्च तीन-चार मिलिमीटर वर ठेवावा लागतो, नाहीतर उसळलेला रस नोझलवर चिकटतो. आर्क आरपार गेला की तो दीड मिलिमीटरपर्यंत खाली आणून मग चालवायचा. ही दीड मिलिमीटर उंची राखण्यासाठी आर्कचा व्होल्टेज मोजतात. टॉर्च वर गेला की आर्क लांबतो आणि व्होल्टेज वाढतो, खाली आला की कमी होतो. हा व्होल्टेज पन्नासाव्या हिश्श्यावर आणून नियंत्रकाला दिला की नियंत्रक टॉर्च वरखाली करत राहतो. हे ऐकायला सरळ वाटते, पण कोपऱ्यावर गँट्रीचा वेग मंदावला की काप रुंद होतो, आर्कला कड गाठण्यासाठी लांब जावे लागते आणि व्होल्टेज वाढतो. नियंत्रकाचा समज होतो की टॉर्च वर गेला आहे. तो त्याला खाली दाबतो आणि टॉर्च पत्र्यावर आपटतो. यासाठी वेग ठरावीक मर्यादेखाली आला की उंचीचे नियंत्रण तात्पुरते गोठवण्याची सोय असलेले सॉफ्टवेअर निवडावे. लिनक्ससीएनसीमध्ये प्लाझ्मासाठी केलेल्या विभागात ती आहे. आर्डुइनोवर चालणारे जीआरबीएल स्वस्त आणि सुटसुटीत आहे, परंतु ही कामे त्याच्यावर उपऱ्यासारखी बाहेरून लादावी लागतात.

चित्र इंकस्केप किंवा फ्रीकॅडमध्ये काढून त्याचा जी-कोड (यंत्राला चालीच्या सूचना देणारी फाइल) करणे हा भाग कोणताही कॉलेजातला मुलगा आठवड्यात शिकेल. त्यातली एकच गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. नोझलमध्ये हवा गरगर फिरत बाहेर पडते, त्यामुळे सामान्य टॉर्चमध्ये चालीच्या उजव्या हाताची कड काटकोनात आणि डावीकडची तिरपी येते. म्हणून प्लेटची बाहेरची कड घड्याळाच्या दिशेने आणि आतली भोके उलट दिशेने कापावीत, म्हणजे तिरकी कड भंगारात जाते. भोकाचा व्यास निदान प्लेटच्या जाडीच्या दीडपट तरी ठेवावा आणि तिथे वेग बराच कमी करावा.

विजेकडे आता वळतो. ४० अँपिअरचे प्लाझ्मा यंत्र पूर्ण भाराला एका फेजवर २५ अँपिअरच्या आसपास खेचते आणि शेजारी तीन अश्वशक्तीचा कंप्रेसर चालू असतो, त्यामुळे घरगुती जोडणीचा विचार सोडून द्यावा. टॉर्च पेटवण्याची पद्धत विकत घेतानाच विचारून घ्यावी. उच्च वारंवारितेच्या ठिणगीने पेटणारी यंत्रे स्वस्त असतात, पण त्या ठिणगीने नियंत्रकाचे भान हरपते. हवेच्या दाबाने इलेक्ट्रोड मागे सरकून पेटणारा टॉर्च घेतला की निम्मी डोकेदुखी टळते. टॉर्चची तार आणि मोटारींच्या तारा एकत्र बांधू नयेत. टेबलाला स्वतंत्र अर्थिंग हवे, आणि कातळावर ते सोपे नाही. जांभा मे महिन्यात इतका कोरडा पडतो की त्यातला अर्थिंगचा खड्डा नावापुरताच उरतो. शेजारच्या लेथवाल्या काकांनी सुचवले, “विहिरीच्या कडेला घाल, तिथली माती बारमाही ओली असते,” आणि तार लांब न्यावी लागली तरी तेच केले.

जाळीखाली पाण्याचा हौद आहे. त्याने धूर आणि ठिणग्या पुष्कळ आटोक्यात येतात, आणि जिथे सुक्या झावळ्या भिंतीला टेकून ठेवलेल्या असतात तिथे हे महत्त्वाचे आहे. पाण्यात धुण्याचा सोडा टाकला की पट्ट्या सावकाश गंजतात. काम नसेल तेव्हा हौद रिकामा करतो, नाहीतर डासांची पैदास आपणच पोसल्यासारखे होते. या हौदावर अ‍ॅल्युमिनिअम कापणे धोक्याचे आहे, कारण वितळलेले अ‍ॅल्युमिनिअम पाण्याशी संयोग होऊन हायड्रोजन सोडते आणि तो प्लेटखाली कोंडून पेटू शकतो. घराच्या छपराचे जुने जस्ताचे पत्रे घेऊन लोक येतात. त्यांचा धूर छातीत गेला तर काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो, म्हणून ते मी उघड्यावर आणि वाऱ्याकडे पाठ करून उभे राहूनच कापतो, तेही नाइलाज असेल तेव्हाच.

बेस प्लेट, गसेट आणि गेटवरची नक्षी यांची कामे आता इथेच होतात, आणि दर मी कापाच्या लांबीइतकाच छिद्रांच्या संख्येवरही लावतो, कारण इलेक्ट्रोड छिद्र पाडतानाच अधिक झिजतो. बंदरावरून स्टेनलेस स्टीलच्या कंसांची आणि पट्ट्यांची मागणी येते. ती कामे मी घेत नाही. साध्या हवेने कापलेली स्टेनलेसची कड काळी पडते, आणि ती कड घासून व आम्लाने साफ केल्याशिवाय बोटीवर लावली तर गंज नेमका तिथूनच सुरू होतो. तेवढे साफ करून द्यायची सोय माझ्याकडे नाही, त्यामुळे अशा गिऱ्हाइकाला मी कोल्हापुरातच कापून घ्यायला सांगतो.