गेम फुकट आहे, मग पैसे कशाचे गेले?

गेम फुकट असूनही पैसे कसे जातात, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाशिकच्या सिडकोत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. आठवड्यातून एखादी ताई किंवा दादा काउंटरवर मोबाइल ठेवतात आणि हळूच विचारतात, "गेम तर फुकट आहे ना, मग खात्यातून पैसे कशाचे गेले?" आवाजात रागापेक्षा शरमच जास्त असते.

शरम वाटायचं कारण नाही. मी दिवसभर याच धंद्यात बसतो, तरी मलाही गंडा बसला. दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला होता, अकरा वर्षांचा. फोन त्याच्याच हातात. यूपीआयचा पिनही त्याला पाठ, कारण दूध आणायला पाठवताना मीच सांगितला होता. भाऊबीज झाली, बहीण त्याला घेऊन गेली आणि मी खातं उघडून बघतो तर २६९, ८९, ८९, ८९, ८९. एकूण ६२५ रुपये. फोन लावला तर म्हणाला, "मामा, मी पैसे नाही खर्च केले. डायमंड खर्च केले."

तो खोटं बोलत नव्हता. डायमंड म्हणजे गेममधलं चलन, खऱ्या पैशांनी विकत घ्यायचं. सगळी गोम त्या वाक्यातच आहे.

त्याला हवं होतं एक जॅकेट, गेममधल्या बाहुल्याला घालायचं. किंमत ४९९ डायमंड. पण ४९९ डायमंड सुटे मिळत नाहीत. २६९ रुपयांत ३१०, ८९ रुपयांत १००, असे पुडे. म्हणजे एक मोठा पुडा, दोन छोटे, आणि जॅकेट घेतल्यावर उरले ११. अकरा डायमंडांत त्या दुकानात काहीच येत नाही. मग ते वाया जाऊ नयेत म्हणून अजून एक पुडा, समोर फिरणारं नशिबाचं चक्र, परत एक पुडा. चक्रातून निघाल्या दोन रंगीत छत्र्या.

माझे आजोबा घोटीच्या बाजारात बैल घ्यायचे तेव्हा सौदा रुमालाखाली, बोटं दाबून व्हायचा. बघणाऱ्याला भाव कळायचा नाही, पण घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला पक्का माहीत असायचा. इथे रुमाल घेणाऱ्याच्याच डोळ्यांवर टाकलाय.

हे एका रात्रीत झालं नाही. २००६ मध्ये 'ऑब्लिव्हियन' नावाच्या गेमने घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला वेगळं विकलं, तेव्हा जगभर लोक हसले होते. आता आख्खे गेम अशा चिलखतांवर चालतात. नशिबाच्या पेट्यांना, म्हणजे आत काय निघेल ते न कळता पैसे देऊन उघडायच्या त्या गेममधल्या पेट्यांना, तर बेल्जियमने २०१८ मध्ये सरळ जुगार म्हटलं. आणि 'फोर्टनाइट'वाल्या एपिक कंपनीला अमेरिकेत २०२२ च्या डिसेंबरमध्ये एकूण ५२ कोटी डॉलर द्यायचं कबूल करावं लागलं. त्यातले साडेचोवीस कोटी गिऱ्हाइकांना परत करायचे होते. आरोप काय, तर बटणांची मांडणी अशी की एक चुकून दाबलं तरी खरेदी व्हायची. वर ज्यांनी कार्ड कंपनीकडे तक्रार केली, त्यांची खातीच कुलूपबंद केली. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

"आईबापांनी लक्ष ठेवावं" हे मला कॉलेज रोडवरचे माझे एक मित्र नेहमी ऐकवतात. ठेवावंच. पण किराणा दुकानदाराने पोराला गंडवलं तर आपण पोराच्या आईला नाही, दुकानदाराला जाब विचारतो.

मग म्हणाल, फुकटचा नको, रोख पैसे मोजून घेतलेला गेम बरा. तिथेही घोळ आहे. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा गाड्यांचा गेम २०१४ मध्ये आला. एकट्याने खेळा नाहीतर दहा जणांत, कंपनीच्या सर्व्हरशिवाय तो चालतच नव्हता. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि पाठोपाठ लोकांच्या खात्यांतून गेमचा परवानाही निघाला. ज्यांनी डिस्क घेतली होती त्यांच्या डिस्कचा उपयोग आता चहाचा कप ठेवायला. सावानातून, म्हणजे आमच्या सार्वजनिक वाचनालयातून, पुस्तक आणतो तेव्हा ते परत द्यायचंय हे मला माहीत असतं. इथे बटणावर 'विकत घ्या' लिहिलं होतं. या प्रकारावरून युरोपात सह्यांची मोहीम झाली, दहा लाखांच्या वर सह्या पडल्या. कॅलिफोर्नियात २०२५ पासून दुकानदाराला निदान स्पष्ट सांगावं लागतं, की बाबा, हा परवाना आहे, मालकी नाही.

आता माझं पाप सांगून टाकतो. २००३ च्या सुमारास मी कॉपी केलेल्या सीड्या पन्नास रुपयांना विकायचो. तेव्हा चोरीवर प्रवचन द्यायचा मला अधिकार नाही. पण गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी "चालत नाही" म्हणत आलं की मी बदलून द्यायचो. चोरीच्या मालाला वॉरंटी होती हो माझ्याकडे!

दुकानात येणाऱ्यांना मी दोन गोष्टी करून देतो. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावतो, आणि पिन बदलायला लावतो. दाद मागायची असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर लिहून देतो. फसव्या मांडणीचे तेरा प्रकार आपल्या केंद्र सरकारनेही नोव्हेंबर २०२३ मध्ये नियम काढून बंद केलेत, हे फार कुणाला ठाऊक नसतं.

भाचा मे महिन्यात परत आला. परत नवीन जॅकेट. म्हटलं, वही घे, आणि किती रुपयांना पडतं ते काढ. पुडे मोजले, उरणारे डायमंड मोजले, दोनदा खोडलं. "४४७ रुपये," म्हणाला. थोडा वेळ वहीकडे बघत बसला, मग म्हणाला, "मामा, मग देशील का?"

दिले.