एकाला एक

रविवार, रात्री साडेअकरा

पलावचं पाकीट फ्रिजमध्ये आहे. दुधाच्या पातेल्यामागं सरकवून ठेवलंय, सारखं दिसायला नको म्हणून, पण मला माहीत आहे ना ते तिथं आहे ते. सिल्व्हरचं पाकीट, तोंड दोनदा दुमडून स्टेपलर मारलेलं, स्टेपलर मीच मारलाय. झोप येईना म्हणून लिहायला बसले.

आज पहिला रविवार. सकाळी चर्चमध्ये प्रभुभोजन, संध्याकाळी रस्त्यावरच्या माणसांना जेवणाचं वाटप, हे आता दोन वर्षं चाललंय, त्यामुळं हाताला सवय झालीय. पंधरा किलो तांदूळ, किलोला आठ पाकिटं धरायची, एकशेवीस होतात. दुपारी बारापासून काकूंच्या हाताखाली कांदे, गाजर, बीन्स, वाटाणे सोलून झाले, चारला पलाव उतरवला, मग हॉलमध्ये सतरंजीवर ओळीनं बसून भरणं. एक डाव आणि वर थोडा. तरुण संघाची पोरं केळी सुटी करून ठेवतात. आधी स्टेशन, मग बसस्टँडच्या बाहेर, शेवटी खडेबाजारात शटरखाली झोपणारी माणसं. पाऊस आज सकाळपासून थांबलाच नाही, त्यामुळं माणसं कमी होती. कुठं आडोशाला गेली असतील.

बसस्टँडच्या भिंतीजवळ दादांनी गाडी लावली, मी मागं उभी राहून पाकिटं देत होते. परडीवाली आजी आली. यल्लम्माची जोगतीण, कपाळभर भंडारा, तो पावसानं नाकावरनं खाली ओघळलेला, डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ. तिनं हात नाही पुढं केला, परडीच पुढं केली. मी तिच्यात पाकीट ठेवलं, केळं ठेवलं. ती हलली नाही. कानडीत म्हणाली, "इन्नोंद कोड यव्वा." आणखी एक दे. आणि मागं कुठंतरी अंधारात मान वळवून काहीतरी बोलली, पावसाच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही.

आणि मी म्हणाले, "ओब्बरिगे ओंदे. मुंदे होग."

एकाला एकच. पुढं जा.

ती गेली. काही बोलली नाही, रागानं बघितलंही नाही. परडीवर पदर घेतला आणि गेली.

नंतर खडेबाजारात पण माणसं कमीच. परत हॉलवर आलो तर सात पाकिटं शिल्लक. पलाव रात्रभर राहत नाही, वाटाणा आंबतो, म्हणून उरलेलं वाटणाऱ्यांनी घरी न्यायचं हे पहिल्यापासून ठरलेलं. काकू म्हणाल्या, तुझ्या घरी पोरं आहेत, तू दोन ने. मी दोन आणली. मला कुणी म्हटलं नाही, एकाला एक.

एक पोरांनी मिळून खाल्लं. धाकटा म्हणाला, मस्त झालाय आई. दुसरं ते आहे.

नियम माझाच आहे हे लिहायलाच पाहिजे. मागच्या नाताळाला पाकिटं संपली, पुढच्या तिघा-चौघांनी तीन-तीन उचलली आणि कुबड्यावाले मामा सगळ्यात शेवटी पोचले तर त्यांना नुसतं केळं मिळालं. ते मामा केळं हातात धरून उभे होते ते मला अजून दिसतं. म्हणून जानेवारीच्या मीटिंगमध्ये मीच उठून बोलले, एकाला एक, आणि लायनीत स्वतः उभं राहायचं, दुसऱ्यासाठी मागायचं नाही. सगळ्यांना पटलं. पाळकसाहेबांनी वहीत लिहून घेतलं. तेव्हा बरं वाटलं होतं की आपलं ऐकलं कुणीतरी. नियम चुकीचा नाही, अजूनही नाही वाटत. पण मग सात पाकिटं हातात असताना मी कुणासाठी राखत होते?

आणि दुसरं म्हणजे ते "होग". इथं जन्मले, इथंच वाढले, शाळा मराठी, घर मराठी, चर्चमध्ये मराठी उपासनेला बसते. कानडी मला येते ती भाजीबाजारातली आणि बसमधली. एष्टु, ब्याड, साकु, मुंदे होग्री, म्हणजे किती, नको, पुरे, पुढं जा. त्यातला तो "री" लावला की मान ठेवला जातो, हे इथल्या शेंबड्या पोराला पण ठाऊक आहे. मी "री" खाल्ला. मराठीत असती तर मी म्हटलं असतं, अहो आजी, मागं बघा की किती माणसं थांबलीत, हे झालं की देते हां. एवढं मोठं वाक्य मला कानडीत जुळवताच आलं नाही म्हणून जे तोंडात आलं ते आलं, आणि ते एखाद्या साहेबानं बोलावं तसं आलं. बेळगावात लंडन मिशनचं काम १८२० ला सुरू झालं, दोनशे वर्षांवर झाली, ते पाळकसाहेब दरवर्षी वर्धापनदिनाला सांगतात. त्या मंडळीतली मी, आणि आपल्या गावातल्या म्हाताऱ्या बाईशी धड चार शब्द बोलता येत नाहीत.

आईशी पण परवा फोनवर असंच काहीतरी झालं. ते नको आता.

सकाळी प्रभुभोजनाला चर्चच्या कठड्यापाशी गुडघे टेकून मीच हात पुढे केला होता. पाळकसाहेबांनी भाकरीचा तुकडा हातावर ठेवला. तेव्हा माझ्या हाताकडं कुणी तसं बघितलं असतं तर मला कसं वाटलं असतं, हा विचार संध्याकाळी का आला नाही, आत्ता साडेअकरा वाजता का येतोय.

उद्या ऑफिसला जाताना पाकीट गरम करून बसस्टँडला नेऊन द्यायचं. ठरलं. सकाळी ती तिथंच असेल.


सोमवार, रात्र

पाकीट नाही. सकाळी सहाला उठून फ्रिज उघडला तर पातेल्यामागं काहीच नाही. ह्यांची पहिली पाळी, पाचला निघाले, डब्याला काही नव्हतं म्हणून ते पाकीट घेऊन गेले. मी तिथंच फ्रिजचं दार उघडं ठेवून रडत उभी राहिले. धाकटा उठून बघायला आला, आई दूध सांडलं काय.

दुपारी फोन केला तर हे म्हणतात, "अगं चांगला होता की. आम्ही तिघांनी खाल्ला." आता त्यांना काय सांगणार. त्यांना ठाऊकच नव्हतं. दिवसभर मला मात्र असं वाटत राहिलं की माझ्याच वाट्याला का हे, दोन वर्षं पहिला रविवार मोकळा ठेवते, पाय दुखतात, घरचं सगळं तसंच पडतं, लोकांना रविवारी झोपायला मिळतं आणि मला एक शब्द चुकला तर त्याची शिक्षा एवढी. ऑफिसात एका पत्रावर दोनदा चुकीची तारीख टाकली.

संध्याकाळी सुटल्यावर गेलेच. रिकाम्या हातानं नको म्हणून बिस्किटांचे दोन पुडे घेतले. पाऊस भुरभुर होता. भिंतीजवळ कुणी नाही, नुसता ओला पुठ्ठा. तिथं हारवाली बसते छत्री लावून, ती मराठी बोलते, तिला विचारलं.

"परडीवाली? गेली की सकाळच्या गाडीनं सौंदत्तीला. तिची ती आंधळी पण गेली."

कुठली आंधळी?

तर असं आहे. दोघी असतात. दुसरीला दिसत नाही. ती गाडी बघितली की, म्हणजे गाडी थांबल्याचा आवाज आला की, पार्सल ऑफिसच्या मागं सरकून बसते, कारण पूर्वी एकदा तिला भिक्षेकऱ्यांच्या गाडीत घालून नेलं होतं आणि बरेच महिने ही बाहेर आणि ती आत, दोघींची ताटातूट झाली होती. "तुमची गाडी काय आणि ती गाडी काय, तिला कसं कळणार हो वैनी? आवाज सारखाच."

मी घरपट्टी भरते त्या पावतीवर भिक्षुक सेस असतो, तीन टक्के, दरवर्षी बघते आणि पुढं जाते. १९७५ चा कायदा आहे, भीक मागताना सापडलं तर केंद्रात नेऊन ठेवायचं, त्या केंद्रांसाठी तो सेस. उपाशी राहू नयेत म्हणूनच असेल, मला त्यातलं फार कळत नाही. पण मी भरलेल्या पैशाच्या गाडीला घाबरून एक आंधळी बाई माझ्याच पलावच्या गाडीपासून लपून बसली होती आणि मी तिच्यासाठी नियम केला होता की स्वतः लायनीत उभं राहायचं.

निवाऱ्याचं म्हणाल तर शहरात दर लाख लोकवस्तीला एक, चोवीस तास उघडा, असं सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये सांगितलेलं दादा नेहमी बोलतात, इंदिरा कँटीनला दहा रुपयांत जेवण आहे तेही बोलतात. खरं आहे सगळं. पण ही बाई भिंतीपासून शंभर पावलं चालत आली नाही, ती कँटीनपर्यंत कशी जाणार.

मी विचारलं, मग काल ती उपाशीच राहिली काय. हारवाली म्हणाली, "उपाशी कशाला? हिनं अर्धा भरवला की तिला. हितंच बसून. घास करून करून." बोटं जुळवून तिनं दाखवलं कसा घास केला ते. त्या पाकिटात डावभर भात. त्यातला अर्धा.

बसचं पण विचारलं. आमच्या कर्नाटकात २०२३ च्या जूनपासून सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट नाही, पण आधार किंवा तसलं ओळखपत्र दाखवावं लागतं आणि आंधळीजवळ कसलाच कागद नाही, म्हणून तिचं तिकीट हारवालीनं काढून दिलं. स्वतःच्या गल्ल्यातनं. हे तिनं मोगऱ्याचा दोरा दातानं तोडता तोडता सांगितलं, मला वाटलं पुढं काही बोलेल, पण एक गिऱ्हाईक आलं आणि ती "वीस रुपये हातभर, अस्सल हाय" म्हणत तिकडं वळली.

बिस्किटाचे पुडे तिला द्यावेत का तेही कळेना. शेवटी गजरा घेतला एक आणि आले.


मंगळवार

आज बरं आहे. रात्री झोप लागली.

ह्यांना सगळं सांगितलं काल जेवताना. ऐकून गप्प बसले बराच वेळ, मग म्हणाले, तो वॉचमन आहे ना आमच्याकडचा, त्याची बायको माहेरी गेलीय म्हणून तो दोन दिवस चहावरच होता, त्यानंच जास्त खाल्लं त्या पाकिटातलं. म्हणजे ते पाकीट गेलं बघा कुठं. मी त्याच्यावर दोन दिवस रडले आणि ते आपल्या वाटेनं गेलं एका भुकेल्याच्या पोटात. परडीवाल्या आजीची भरपाई त्यानं होत नाही. पण अन्न वाया गेलं नाही, त्याचं मला खरंच बरं वाटलं, आणि फ्रिज उघडताना आता छातीत होत नाही.

उद्या बुधवारची प्रार्थनासभा आहे, तिथं नियमाचं बोलायचं. काय बोलायचं ते अजून नीट जुळत नाहीये. नियम काढून टाका असं नाही म्हणणार, कुबड्यावाल्या मामांचं केळं मी विसरलेले नाही. पण दहा पाकिटं बाजूला ठेवता येतील, जो येऊ शकत नाही त्याच्यासाठी, आणि ती गाडीतून न देता कुणीतरी चालत जाऊन द्यायची. गाडी लांब लावायची, बंद करून. दादांना ते आवडायचं नाही, पावसात एकशेवीस पाकिटं उचलून कोण नेणार म्हणतील. आम्ही आठ जण आहोत, प्रत्येकी पंधरा, जमेल. एक काकू कदाचित म्हणतील की जोगतिणींना कशाला, त्या काय उपासनेला येतात काय. मागं एकदा म्हणाल्या होत्या. त्यांना काय उत्तर द्यायचं ते मात्र मला पाठ आहे, मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी, बंदीत असलेला एवढेच सांगितलेत, उपासनेला येणारा असं त्यात नाही.

आणि पुढच्या पहिल्या रविवारी आजी परत आल्या असतील तर.

त्यासाठी संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या अक्कांकडं गेले होते. त्या धारवाडच्या, कानडी गोड बोलतात. म्हटलं अक्का, मला एक वाक्य शिकवा, कुणाला पाहिजे आणखी एक, असं म्हाताऱ्या बाईला विचारायचं असेल तर कसं विचारायचं. त्यांनी पहिल्यांदा चहा ठेवला. मग म्हणाल्या, "यारिग बेकरी यव्वा?"

मी म्हटलं. त्या म्हणाल्या, घाई करू नका, "री" वर थांबा थोडं. परत म्हटलं. धाकटा दारात उभा राहून ऐकत होता, तो माझ्या आधी बरोबर म्हणाला. मग आम्ही तिघांनी एकदम म्हटलं, यारिग बेकरी यव्वा, आणि अक्कांनी मान हलवली, हां, आता बरोबर, म्हणाल्या, आणि विचारलं, पण हे तुम्ही विचारणार कुणाला?