पार्क रोवरची पेपरवाली पोरं

मावसभाऊ न्यूयॉर्कशेजारच्या जर्सी सिटीला राहतो. त्याच गावात नोव्हेंबर १९१२ मध्ये फोटोग्राफर लुईस हाइनने एक फोटो काढला होता: जिन्यातच झोपी गेलेला मुलगा, जवळ त्याचे पेपर. त्या फोटोमुळे मला पार्क रो, म्हणजे न्यूयॉर्कमधला पेपरांचा जुना रस्ता, बघायचाच होता. जर्नल स्क्वेअरला न्यूयॉर्कला जाणारी पाथ ट्रेन पकडून वर्ल्ड ट्रेड सेंटरला उतरले; तिथून चालत पाच-दहा मिनिटं.

न्यूयॉर्कचे मोठे पेपर एके काळी इथून निघत. पुलित्झरच्या 'वर्ल्ड'ची घुमटवाली इमारत १९५५ मध्ये ब्रुकलिन ब्रिजच्या रस्त्यांसाठी पाडली. 'टाइम्स'च्या जुन्या इमारतीत आता पेस विद्यापीठ आहे. समोर बेंजामिन फ्रँकलिनचा पुतळा, हातात वर्तमानपत्र. पेपर छापणाऱ्याचा पुतळा उभा राहिला, विकणाऱ्या पोरांचा इथे काही मागमूस नाही, याचं वाईट वाटलं.

ही पोरं पगारी नव्हती. शंभर अंक पन्नास सेंटला घ्यायचे, सेंटाला एक विकायचा. उरलेले अंक परत घेत नसत, नुकसान पोराच्या माथी. म्हणून गठ्ठा संपेपर्यंत घरी जायचं नाव नाही. १८९८ च्या स्पेनबरोबरच्या युद्धात खप वाढला आणि शंभराचा भाव साठ सेंट झाला. युद्ध संपल्यावरही पुलित्झर आणि हर्स्ट या पेपरमालकांनी तो उतरवला नाही. जुलै १८९९ मध्ये पोरांनी संप पुकारला; जवळजवळ दोन आठवडे या दोघांच्या पेपरला हात लावला नाही. 'वर्ल्ड'चा खप साडेतीन लाखांवरून सव्वा लाखावर घसरला. भाव साठच राहिला, पण उरलेले अंक परत घ्यायला मालक तयार झाले. माझ्या मते खरी जीत हीच. पोरांना रात्री रस्त्यावर डांबून ठेवत होते ते हे न खपलेले अंकच.

तिथून ब्रुकलिन ब्रिजवर गेले. चौदा वर्षांखालच्या मुलांनी रात्री दहानंतर पेपर विकू नयेत, असा कायदा न्यूयॉर्कमध्ये १९०३ मध्ये झाला होता. तरी फेब्रुवारी १९०८ मध्ये हाइनला याच पुलाजवळ मध्यरात्रीनंतर जादा अंक विकणारी मुलं सापडली. बालमजुरीविरुद्ध काम करणाऱ्या राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी तो गावोगाव फिरत असे, आणि फोटोखाली जागा, वेळ, वय चोख लिहून ठेवत असे.

१९३८ मध्ये अमेरिकेने बालमजुरीला आळा घालणारा देशव्यापी कायदा केला. ग्राहकांपर्यंत पेपर पोचवणाऱ्या मुलांना मात्र त्यातून वगळलं. ती सूट आजही कायम आहे.