जोर्फ लास्फर ते ग्रेसिक: मोरोक्को आणि इंडोनेशियाचं नातं कशावर उभं आहे

मोरोक्कोच्या राजधानीत, रबातमध्ये, इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांच्या नावाचा रस्ता आहे आणि जकार्तात मोरोक्कोतल्या कासाब्लांका शहराच्या नावाचा. मधलं अंतर साडेबारा हजार किलोमीटरहून जास्त, आणि थेट विमान नाही. दोहा, दुबई, इस्तंबूल किंवा जेद्दा, कुठेतरी उतरून दुसरं विमान धरावंच लागतं. दोन्ही देशांच्या संयुक्त निवेदनांत 'बंधुभाव' हा शब्द हमखास येतो. तो खोटा नाही. एप्रिल १९५५ मध्ये इंडोनेशियात बांडुंगला आशियाई-आफ्रिकी देशांची परिषद भरली तेव्हा मोरोक्को अजून फ्रेंचांच्या ताब्यात होता, तरीही तिथले स्वातंत्र्यवादी निरीक्षक म्हणून हजर होते. २ मार्च १९५६ ला मोरोक्को स्वतंत्र झाला, १९६० मध्ये राजनैतिक संबंध जुळले आणि त्याच वर्षी मे महिन्यात सुकार्नो रबातला गेले. पुढे १९६९ मध्ये इस्लामी देशांच्या संघटनेचा पाया घालणारी शिखर परिषदही रबातलाच झाली.

पण भाषणांपलीकडे हे नातं टिकवून धरलंय ते एका दगडाने. फॉस्फेट. जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के मोरोक्कोच्या हिशेबात धरले जातात, तिथल्या जोर्फ लास्फर बंदरातून तो बाहेर जातो, आणि खतासाठी इंडोनेशियाला त्याची सततची गरज आहे. जावाची ज्वालामुखीची माती सुपीक खरी, पण तिच्यातलं अॅलोफेन हे खनिज फॉस्फेटला असं घट्ट धरून ठेवतं की टाकलेल्या खताचा मोठा वाटा पिकाच्या मुळांपर्यंत पोचतच नाही. सुमात्रा आणि कालिमंतानची माती आम्लधर्मी. तिथल्या पाम तेलाच्या मळ्यांत बारीक दळलेला फॉस्फेट दगड तसाच टाकतात. मातीतलं आम्ल त्याला हळूहळू विरघळवतं. दळण जाड राहिलं तर हे काम होत नाही, म्हणून तिथे दगडातल्या फॉस्फेटच्या टक्केवारीइतकंच बारीकपणाकडेही बघावं लागतं.

पूर्व जावातल्या ग्रेसिकच्या खत कारखान्यांचं गणित वेगळं. एक टन पी-टू-ओ-फाइव्ह (दगडातलं आणि खतातलं फॉस्फेट या रूपात मोजतात) इतकं फॉस्फरिक आम्ल काढायला साधारण ३.३ टन दगड आणि २.८ टन गंधकाम्ल लागतं, आणि मागे जवळपास ५ टन जिप्सम उरतो. ग्रेसिकची सोय अशी की शेजारच्या तांबं शुद्ध करणाऱ्या कारखान्यातून गंधकाम्ल मिळतं आणि जिप्समला सिमेंटवाले गिऱ्हाईक आहेत. नाहीतर हा जिप्समचा डोंगर ठेवायचा कुठे, यातच असा कारखाना अडकतो.

दगड खरेदीचा करार करताना नवखे लोक फक्त पी-टू-ओ-फाइव्हची टक्केवारी बघतात. त्रास देतात ती बाकीची द्रव्यं. सेंद्रिय अंश जास्त असला की अभिक्रियेच्या टाकीत फेस उसळतो. मॅग्नेशियम वाढलं की आम्ल घट्ट होतं आणि गाळणी मंदावते. क्लोराइडमुळे पंप आणि ढवळण्याची पाती झिजतात. गाळाच्या खडकातल्या या दगडात कॅडमियमही असतं, त्याची मर्यादा करारात आकड्यानेच लिहून घ्यावी. आणि पाऊस! नोव्हेंबर ते मार्च जावात पावसाळा. सर आली की जहाजाची झाकणं बंद, उतरवणं बंद. करारात कामाचे दिवस हवामान धरून मोजायचे की न धरता, हे स्पष्ट नसेल तर डेमरेज, म्हणजे जहाज अडकून राहिल्याचा दंड, कोणी भरायचा यावर भांडण ठरलेलंच.

फॉस्फेट सोडून मोरोक्कोतून जकार्ताला खाद्यपदार्थ किंवा आर्गन तेल पाठवणाऱ्यांना हलाल प्रमाणपत्राचा नियम आडवा येतो. 'आम्ही मुस्लिम देश, आमचा माल हलालच' हा युक्तिवाद तिथे चालत नाही. २०१४ च्या ३३ क्रमांकाच्या कायद्याने प्रमाणपत्र सक्तीचं केलं; आयात खाद्यपदार्थांसाठी आणि सौंदर्यप्रसाधनांसाठी १७ ऑक्टोबर २०२६ ही मुदत ठरवली गेली. परदेशी प्रमाणपत्र चालतं, पण ते देणाऱ्या संस्थेला इंडोनेशियाच्या बीपीजेपीएच या सरकारी यंत्रणेची मान्यता हवी, आणि माल बाजारात येण्याआधी त्या प्रमाणपत्राची तिथे नोंदणी व्हायला हवी. ही नोंदणी इंडोनेशियातला आयातदार किंवा अधिकृत प्रतिनिधी करतो. सार्डिनच्या डब्यातही प्रश्न माशाचा नसतो, सॉसमधल्या घटकांचा असतो.

कागदांच्या बाबतीत एक मोठी सोय झाली आहे आणि ती पुरेशी ठाऊक नाही. अपोस्टिल करार, म्हणजे एकाच शिक्क्याने सरकारी कागद दुसऱ्या सदस्य देशात ग्राह्य धरण्याचा करार, मोरोक्कोत २०१६ पासून आणि इंडोनेशियात ४ जून २०२२ पासून लागू आहे. त्यामुळे पदवी, जन्मदाखला, मुखत्यारपत्र यांसाठी दूतावासाच्या शिक्क्यांची साखळी संपली. मात्र सीमाशुल्काशी थेट संबंधित प्रशासकीय कागद या करारातून वगळले आहेत. मूळस्थानाच्या दाखल्यावर अपोस्टिल घ्यायला धावणं म्हणजे आठवडा वाया घालवणं.

पर्यटनात तराजू एका बाजूला झुकलाय. इंडोनेशियन पासपोर्टवाल्याला मोरोक्कोत ९० दिवस व्हिसा लागत नाही. मोरोक्कनांनाही बरीच वर्षं इंडोनेशियात ही सवलत होती. जून २०२३ मध्ये इंडोनेशियाने १५९ देशांची सवलत थांबवली तेव्हा तीही गेली. आता ५,००,००० रुपियाचा, ३० दिवसांचा, एकदाच वाढवता येणारा आगमन-व्हिसा, आणि बालीला जायचं तर वर १,५०,००० रुपिया. इतक्या जुन्या मित्राला त्या यादीत सरसकट बसवणं मला पटत नाही.

मोरोक्कोत उतरणाऱ्याने शिक्क्याजवळ लिहिलेला प्रवेश क्रमांक नीट वाचून घ्यावा, हॉटेलच्या फॉर्मवर तो मागतात. दिरहम देशाबाहेर २,००० च्या वर नेता येत नाहीत, आणि रुपिया तिथे कोणी बदलून देईल या भरवशावर राहू नये. युरो किंवा डॉलर न्यावेत. फेस शहरातल्या करवियीन मशिदीत बिगर-मुस्लिम परदेशी दारातूनच परततात, इंडोनेशियन मुस्लिम प्रवाशांना आत नमाज पढता येते. शेजारच्या माणसाचे हात नमाजात बाजूला सोडलेले दिसले तर गोंधळू नये, मालिकी पंथात ती रीत आहे; इंडोनेशियन शाफी हात बांधतात.

सगळ्यात जास्त फसवतं ते घड्याळ. एरवी जकार्ता रबातच्या ६ तास पुढे. रमजानात मोरोक्को घड्याळ एक तास मागे घेतं, म्हणजे फरक ७ तासांचा. मोरोक्कोची सरकारी कार्यालयं तेव्हा ९ ला उघडतात, त्या वेळी जकार्तात दुपारचे ४ वाजलेले असतात आणि तिथली कार्यालयं ३ लाच सुटलेली असतात. दोन्हीकडे एकाच वेळी टेबलावर माणूस असा एक तासही उरत नाही. ईद चंद्रदर्शनावर, म्हणून दोन्हीकडे एका दिवसाचा फरक पडू शकतो. इंडोनेशियात तर ईदला सगळे गावी जातात आणि कचेऱ्या आठवडाभर थंड असतात. पतपत्रात (बँकेच्या लेटर ऑफ क्रेडिटमध्ये) वेगळं लिहिलं नसेल तर कागद बँकेत सादर करायला जहाजभरणीपासून २१ दिवस मिळतात. रमजानाच्या तोंडावर माल निघणार असेल तर ही मुदत आधीच वाढवून लिहून घ्यावी.