आमची वाटचाल : रुंद वरंबा सरी आणि पाच दिवसांचा वाफसा

आमचा कारखाना परभणी जिल्ह्यात आहे. सुरुवात तिफणीचे फण, कोळप्याच्या पासा आणि पेरणी यंत्रांच्या दुरुस्तीने झाली. पुढे पाच फणी आणि सात फणी पेरणी यंत्रं स्वतः बनवू लागलो. आज आमच्या कामाचा मोठा भाग बीबीएफचा, म्हणजे रुंद वरंबा सरी पद्धतीच्या पेरणी यंत्राचा आहे. यात पीक, आमच्याकडे खरिपात मुख्यतः सोयाबीन, उंच आणि रुंद पट्ट्यावर म्हणजे वरंब्यावर असतं आणि दोन वरंब्यांमध्ये पाण्यासाठी सरी असते. यंत्र विकतो, हंगामात भाड्यानेही देतो. बदलत्या पावसाला तोंड देणारी शेती लहान शेतकरी का स्वीकारतो आणि का टाळतो, हे या धंद्यात रोज दिसतं. आमचं मत स्पष्ट आहे : तंत्र त्याला बहुतेक वेळा पटलेलं असतं. अडतं ते ट्रॅक्टर, मजूर, पैसा आणि वाफशाचे (पेरणीजोग्या ओलीचे) मोजके दिवस यांच्या गणितात.

तंत्र नवं नाही. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत 1970 च्या दशकात भारी काळ्या जमिनीसाठी या पद्धतीवर काम झालं. महाराष्ट्रात 2018 पासून पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, 15 जिल्ह्यांतल्या 5,142 गावांत राबवला गेला आणि बीबीएफ हा शब्द बांधाबांधावर पोहोचला. फायदा दोन्ही बाजूंनी आहे. पाऊस जास्त झाला की पाणी सरीतून निघून जातं, मुळांशी साचत नाही. पावसाने ताण दिला की वरंब्यातली भुसभुशीत माती ओल धरून ठेवते. ऑगस्ट 2023 हा देशातला 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी सोयाबीन पाण्यात गेली. एकाच शेताला दोन्ही टोकं सोसावी लागतात, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. नदीचं पाणी शेतात शिरलं तर सरीचाही उपयोग नाही, हेही आम्ही स्पष्ट सांगतो.

मग पेरा सपाटच का होतो?

2015-16 च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातलं सरासरी वहितीक्षेत्र 1.34 हेक्टर, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर. एवढ्या रानाला स्वतःचा ट्रॅक्टर परवडत नाही, पेरणी भाड्यानेच होते. म्हणजे पेरणी कोणत्या पद्धतीने करायची याचा निम्मा निर्णय ट्रॅक्टरवाल्याच्या हातात असतो, आणि त्याचा हिशोब सोपा आहे. 45 सेंमी अंतराचं सात फणी यंत्र एका फेरीत 3.15 मीटर रुंदी पेरतं. एका एकराला सुमारे 1,285 मीटर चालावं लागतं. ताशी 5 किमी वेगाने वळणांसह अर्ध्या तासात एकर उरकतो. चार ओळींच्या बीबीएफचा वरंबा आणि सरी मिळून दीड मीटर. तोच एकर पेरायला सुमारे 2,700 मीटर चालावं लागतं, वेगही ताशी 4 किमीच्या आत ठेवावा लागतो. वळणं धरून तासभर जातो. दोन्हींचा दर एकरी सारखाच लावला तर ट्रॅक्टरवाल्याची कमाई निम्मी होते. पेरणीजोगा पाऊस, म्हणजे 75 ते 100 मिमी, झाल्यावर वाफसा चार-पाच दिवस टिकतो आणि त्याच दिवसांत गावातला प्रत्येक जण फोन करत असतो. अशा वेळी तो बीबीएफ यंत्र शेडमध्ये ठेवून सात फणी जोडणारच.

हे लक्षात घेऊन आम्ही दोन गोष्टी केल्या. एक, भाड्याचं यंत्र सुट्या एकरासाठी पाठवत नाही. एका शिवारातले, बांधाला बांध लागून असलेले आठ-दहा एकर एकत्र नोंदवले तरच पाठवतो. यंत्र रस्त्यावर फिरण्यात जाणारा वेळ वाचतो, ट्रॅक्टरवाल्याला तासाचा दर देता येतो. दुसरी गोष्ट जास्त चालली : ज्याच्याकडे सात फणी यंत्र आहेच त्याला जोडायचा सरी फाळ. मधला, म्हणजे चौथा, फण काढून त्या जागी फाळ बसवायचा आणि चौथ्या नळीचं बी-खत बंद करायचं. दोन फेऱ्यांमध्ये 45 ऐवजी 90 सेंमी जागा सोडायची. तीन ओळी, सरी, तीन ओळी अशी रचना मिळते. फेरीची रुंदी 3.60 मीटर होते, त्यामुळे पेरणीचा वेळ सपाट पेरणीएवढाच राहतो. फेऱ्यांमधल्या मोकळ्या ओळीत पेरणीनंतर 20-25 दिवसांनी, कोळपणीच्या वेळी, कोळप्याला दोरी गुंडाळून सरी काढायची. खर्च एका फाळाचा आणि दोन क्लॅम्पचा. वरंबा पूर्ण बीबीएफइतका रेखीव होत नाही, पण पाण्याला वाट मिळते.

यावर हमखास येणारी शंका : आठ ओळींच्या जागेतल्या दोन ओळी मोकळ्या सोडल्या तर रान वाया गेलं की. ही शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर वाणात आहे. सोयाबीनचं फुले संगमसारखं पसरणारं, फांद्या करणारं वाण मोकळी जागा भरून काढतं आणि कडेच्या ओळींना उजेड-वारा मिळाल्याने शेंगा वाढतात. कमी फांद्यांचं, लवकर येणारं वाण आणि हलकी जमीन असेल तर जागा रिकामीच राहते, तण माजतं आणि शेतकरी पुढच्या वर्षी यंत्राचं नाव काढत नाही. म्हणून नोंदणी करताना आम्ही वाण आधी विचारतो.

बियाण्याचं प्रमाण ही दुसरी अडचण. ‘एकरी एक बॅग’ हे 30 किलोचं माप डोक्यात पक्कं बसलं आहे. बीबीएफला 22 किलो पुरतं, पण ‘पातळ पडलं’ ही भीती मोठी. जास्तीचे आठ किलो हा शेतकऱ्याने दुबार पेरणी टाळण्यासाठी स्वतः उतरवलेला विमाच असतो. तो सोडायचा तर उगवणीची खात्री हवी. घरच्या बियाण्यातले सरसकट 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत, सात-आठ दिवसांत 70 किंवा जास्त उगवले तर 22 किलो पुरे. 65 उगवले तर 24 किलो. 60 च्या खाली असेल तर ते बियाणं पेरू नये.

यंत्राच्या तबकडीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त तक्रारी तिथेच होतात. बीबीएफ यंत्रात बी तिरक्या तबकडीच्या खाचांतून उचललं जातं. फुले संगमचा दाणा टपोरा असतो. जुन्या बारीक दाण्याच्या वाणासाठी असलेल्या खाचेत तो बसत नाही किंवा चिरडतो, आणि ओळीत हातभर मोकळे पट्टे दिसतात. तबकडी विकत घेण्याआधी आपलं बी खाचेत ठेवून पाहा : एक दाणा सैलसर बसला पाहिजे, दोन बसता कामा नयेत. बीजप्रक्रिया केलेलं बी सावलीत पूर्ण वाळवूनच पेटीत भरा. जिवाणू संवर्धकाचा ओलसर लेप राहिला तर दाणे खाचेला चिकटतात.

पेरणीच्या आदल्या दिवशी मापणी करायची. यंत्र जॅकवर उचला, चारही नळ्यांखाली पिशव्या बांधा आणि जमिनीवर चालणारं चाक हाताने 20 वेळा फिरवा. चाकाचा व्यास 50 सेंमी असेल तर 20 फेऱ्यांत यंत्र सुमारे 31.4 मीटर चालल्यासारखं होतं. दीड मीटर रुंदीने हे 47 चौरस मीटर झालं. एकरी 22 किलोच्या हिशोबाने एकूण 256 ग्रॅम, म्हणजे प्रत्येक पिशवीत 64 ग्रॅमच्या आसपास बी मिळालं पाहिजे. एका पिशवीत 45 आणि दुसरीत 70 असेल तर तबकडी झिजलेली आहे किंवा नळी वाकली आहे. शेतात ओल्या मातीवर चाक थोडं घसरतं आणि बी कमी पडतं, म्हणून पहिली फेरी झाली की एक मीटर ओळ उकरून दाणे मोजा. 16-17 दाणे असावेत, खोली 3 ते 4 सेंमी. पाचच्या पुढे गेलं आणि वरून जोराचा पाऊस पडला की पापुद्रा धरतो, कोंब वर येत नाही. वाफसा येण्याआधी घाई केली तर फणांच्या टोकाशी चिखल बसून नळ्या तुंबतात. चालकाला पुढे बसून ते दिसत नाही. मागे एक माणूस चालता ठेवा, यात काटकसर करू नका.

पाणी कुठे सोडायचं हा प्रश्न यंत्राच्या कोणत्याही माहितीपत्रकात नसतो. सपाट शेतातलं पाणी पसरून जातं, सरीतलं एका ठिकाणी जमतं. सरी शेजाऱ्याच्या धुऱ्याला (बांधाला) तोंड करून सुटली की पहिल्याच मोठ्या पावसात भांडण उभं राहतं, आणि लहान तुकड्यांच्या शिवारात हे कारण भारी पडतं. सरी उताराला आडवी, 100 मीटरला सुमारे अर्धा मीटर उतार राहील अशी धरायची. शेवटी चर काढून पाणी ओघळीत किंवा शेततळ्यात न्यायचं. दोन शेजाऱ्यांनी मिळून एकच चर खोदणं सर्वांत स्वस्त पडतं. आठ-दहा एकरांची एकत्र नोंदणी इथेही उपयोगी पडते.

काढणीचं गणित जूनमध्येच घातलं जातं. मजुरांचा गुत्ता (ठेका) असेल तर अडचण नाही. हार्वेस्टर लावायचा असेल तर खोल सरीमुळे कापणीची पट्टी वरखाली होते, खालच्या शेंगा राहतात किंवा दाण्यात माती येते. अशा रानात सरी 15 सेंमीपेक्षा खोल काढू नये आणि शेंगा जमिनीपासून उंच लागणारं वाण घ्यावं.

अनुदान मिळतं, पण पैशाची वेळ जुळत नाही. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज, पूर्वसंमती, मग पूर्ण रक्कम भरून खरेदी, बिल, मोका तपासणी आणि त्यानंतर खात्यात अनुदान. दोन एकरवाल्याकडे मे-जूनमध्ये हातात असतं ते पीककर्ज, तेही बी-खताला पुरत नाही. त्यामुळे यंत्र घेतात ते ट्रॅक्टरवाले, गट किंवा शेतकरी उत्पादक कंपन्या, आणि आम्हाला ते योग्यच वाटतं. वर्षातून आठ दिवस चालणाऱ्या यंत्रात लहान शेतकऱ्याने पैसा अडकवू नये. आमच्यासारख्या लहान कारखान्याला मात्र अनुदानासाठी चाचणी अहवाल लागतो आणि रचनेत मोठा बदल केला की चाचणी नव्याने करावी लागते. शेतकऱ्यांनी सुचवलेली सुधारणा यंत्रात यायला त्यामुळे उशीर होतो.

बटईने (पिकाच्या वाट्यावर) किंवा ठोक्याने (ठरलेल्या रकमेवर) दुसऱ्याचं रान करणाऱ्यांचं वेगळं. करार पाडव्याला होतो आणि वर्षापुरता असतो. शून्य मशागतीत, म्हणजे रान न नांगरता पेरण्याच्या पद्धतीत, वरंबे तसेच ठेवून पिकाचे अवशेष रानातच राखायचे असतात, त्याचा खरा लाभ दोन-तीन वर्षांनी दिसतो. पुढच्या वर्षी रान आपल्याकडे असेल का, हेच माहीत नसलेला माणूस ते कशाला करेल? शिवाय सोयाबीनचं भुसकट जनावरांना लागतं किंवा विकलं जातं, आणि काढणीनंतर मोकाट गुरं वरंबे तुडवतात. बीबीएफचा फायदा त्याच हंगामात हाती येतो, म्हणून बटईदारही तो करतात.

मुरमाड, उथळ जमिनीसाठी आम्ही यंत्र सुचवत नाही, तिथे पाणी तसंही थांबत नाही. ढेकळं असलेल्या रानातही नाही, आधी रोटाव्हेटर मारून घ्यावा लागतो.

अलीकडे भाड्याच्या यंत्रांना रब्बीचं काम मिळू लागलं आहे. हरभऱ्यासाठी मोठ्या खाचांची तबकडी, ओळी 30 सेंमीवर, खोली 7 ते 8 सेंमी, कारण ऑक्टोबरात वरची ओल लवकर उडते. हरभऱ्याला जास्त पाणी सोसत नाही, आणि सरीतून हलकं पाणी देता येतं हे शेतकऱ्याला लगेच दिसतं. ट्रॅक्टरवाल्यालाही इथे घाई नसते, पेरणी दोन-तीन आठवडे चालते. म्हणून नव्या गावात यंत्र न्यायचं असेल तर आता आम्ही जूनऐवजी ऑक्टोबरात नेतो. चालकाचा हात तिथे बसतो, वरंब्याची ओळख होते आणि त्याच गावातून पुढच्या खरिपाची नोंदणी मेमध्येच सुरू होते.